चीक

एप्रिलची तारीख पणजीहून ठरून आली,
सहीशिक्क्यासकट.
काजूचे दिवस आहेत, हे पत्राला ठाऊक नव्हतं.
म्हाऊसला सातेरीच्या मंडपात मी तक्ता टांगला:
एक गाय, चार कप्प्यांचं पोट, बाजूला बाण.
खुर्च्या चाळीस. माणसं नऊ.
त्यातला एक पुजारी, त्याला दार लावायचं होतं,
आणि दोन पोरं, भज्यांसाठी.

बाकीचा गाव डोंगरात बोंडू वेचत होता.
वारा फिरला की भट्टीचा वास यायचा,
गोड, पुढे आंबूस,
आणि माझा ‘संतुलित आहार’ त्यात विरघळायचा.

तरी बोलले.
जंताचं औषध कधी, खनिज मिश्रण किती.
तपासणीची माती कशी काढायची:
नागमोडी चालत, सात-आठ जागांची, वीतभर खोल,
बांधालगतची नको, शेणाच्या राशीखालची नको.
‘आणि वारुळाची नको,’ पुजारी म्हणाला,
‘ती देवी आहे.’
मी वहीत तेही लिहून घेतलं.

मग चीक.
वासरू जन्मलं की दोन तासांच्या आत
त्याला आईचा चीक पोटभर पाजायचा,
त्याची पहिली लस तीच.

सत्यवती झर्मेकर मागच्या रांगेतून म्हणाली,
‘जार पडल्याशिवाय वासरू लावत नाहीत, बाय.
आणि पहिली धार वाटायची असते.
देवीला, दिराला, शेजाराला.’
किती वासरं गेली, मी विचारलं.
ती बोटांवर मोजायला लागली, तिसऱ्यावर थांबली
आणि ते बोट दुसऱ्या हातात धरून बसली.

मी कुठल्या तोंडानं बोलणार होते?
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आई खरवस आणायची,
वेलची लावलेला, सुरीनं कापावा असा घट्ट.
मी कोपऱ्याची वडी मागून घ्यायचे.
कुणाच्या वाटचा, कधी विचारलं नाही.

तेवढ्यात पुंडलिक गांवस:
‘भट्टीमागं बोंडवांच्या चोथ्याचा ढीग पडतो.
गाईला चालतो काय?’
मी तक्त्याकडे बघितलं. तक्त्यावरच्या गाईनं माझ्याकडे.
‘माहीत नाही,’ म्हटलं, ‘विचारून येते.’
आणि त्या दुपारी पहिल्यांदाच
दोन खुर्च्या फरफटत पुढे आल्या.

पंधरा दिवसांनी उत्तर घेऊन गेले:
उन्हात खडखडीत वाळवून, आंबोणात थोडा थोडा,
आंबलेला अजिबात नको.
पुंडलिक म्हणाला, ‘आंबलेल्याला गिऱ्हाईक वेगळं.’
एवढं हसू माझ्या कुठल्याच बैठकीत झालं नव्हतं.

नोव्हेंबरात पहाटे तीनला फोन.
सत्यवतीचा रोहिदास, घाईत, दबक्या आवाजात:
‘व्याली. पाडी आहे. जार पडली नाही अजून.
आई विचारते, लावू?’
‘लाव.’
‘आजी नको म्हणते.’
‘नाळेला आयोडीन लाव, कास धू, आणि लाव.’

फोन ठेवला आणि घाम फुटला.
ही पाडी गेली, कसल्याही कारणानं गेली,
तर त्या मंडपात पुन्हा तक्ता टांगता येणार नाही,
मला नाही, माझ्यानंतर येणाऱ्यालाही नाही.
सकाळी मी फोन केला नाही.
भीती वाटली म्हणून केला नाही, हे इथंच कबूल करते.

पाचव्या दिवशी वाळपईच्या बसचा कंडक्टर
कचेरीत स्टीलचा डबा ठेवून गेला.
हळदीच्या पानाखाली खरवस,
झाकणात माझ्याच पत्रकाचा तुकडा,
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीनं:
‘पाडीचं पिऊन उरलेलं. उड्या मारते.
जार सकाळी आपसूक पडली.’

वडी पडेना.
उशिराच्या दुधाचा, सैल, कडेनं पाणी सुटलेला.
तिमाही अहवाल तसाच उघडा होता,
‘उपस्थिती: नऊ’ इथपर्यंत भरलेला.
मी चमचा शोधला,
आणि उभ्याउभ्याच खाल्ला.