वाटोळं

सदलग्याच्या खाली, दूधगंगेच्या वळणाला
आमचं दोन एकर रान चोपण झालं,
ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला,
तेव्हा गाव म्हणालं, वाटोळं झालं.

चुकलं नव्हतं गावाचं.
मी त्या रानात वाटोळंच बांधायला घेतलं.
एक हौद आठ मीटर व्यासाचा, नरमादीसाठी,
दोन लहान, अंडी फिरती ठेवायला,
आणि वर बारा फुटांवर पाण्याची टाकी.

रुद्राप्पा उप्पार ओळंबा घेऊन आला.
चाळीस वर्षं कोपरे बांधत आलेला माणूस.
"कोपराच नाही म्हटल्यावर, अक्का,
गुण्या कुठं लावू सांगा की."
मी मधोमध पहार रोवली, दोरी बांधली,
दोरीच्या टोकाला खिळा.
खिळा धरून तो एकदा फिरला,
रेघ उमटली,
मग परत एकदा, उगाच.

उप्पु म्हणजे मीठ.
त्याचे पणजोबा म्हणे असल्याच मातीतून
मीठ गाळायचे.
त्यानं पांढरी चिमूट जिभेवर ठेवली, थुंकला.
"खायचं न्हवं हे. पण आमचंच हाय."

पहिल्या वर्षी बोअरचं पाणी घेतलं, तिथं चुकलं.
रोहूची अंडी फुगली साबुदाण्यागत
आणि पहाटेपर्यंत
एकेक करून पांढरी पडली.
साडेचार लाख.
मी मोजली नाहीत, वहीत तसं लिहायचं असतं.
पाणी मात्र फिरतच होतं हौदात,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी नदीवरून नळ आणला,
साडेसहाशे मीटर, तिघांच्या बांधांखालून.
दोन संमतिपत्रं कन्नडात, एक मराठीत,
तिन्ही खिशात भिजली.
वाळू, खडी, कोळसा, परत वाळू.
गाळून आलेलं पाणी रुद्राप्पानं चाखलं
आणि या वेळी गिळलं.

संध्याकाळी सहाला सुई.
चार किलोची मादी ओल्या पंचात गुंडाळून
निंबव्वानं मांडीवर धरली.
खवल्याखाली, तिरपी सुई,
किलोला अर्धा मिली, नराला त्याच्या निम्मं.
डोळा तिचा उघडाच. माशाला पापणी नसते,
पहिल्यांदा सुई देणाऱ्याला हे आधी सांगावं लागतं.

मध्यरात्री शेपट्यांचा आवाज झाला.
अंडी नळीतून लहान हौदात उतरली,
फिरायला लागली.
दोन वाजता करंट गेला.

वरच्या टाकीत चाळीस मिनिटांचं पाणी.
डिझेल इंजिनचा पट्टा तुटलेला,
दस्तगीर लुनावरून बोरगावला गेला तो आणायला.
अंडं थांबलं की तळाला बसतं,
एकावर एक, आणि खालचं घुसमटतं.

एकेचाळिसाव्या मिनिटाला
आम्ही तिघांनी बाह्या सारल्या.
खीर ढवळतात तसं, तळहातानं, बोटं मिटून,
जोर केला तर फुटतात.
हौदाभोवती एकामागं एक चालत राहिलो.
निंबव्वा पुढं, मी मध्ये,
मागं रुद्राप्पा, गुडघ्याला शिव्या घालत,
कन्नडात एक फेरी, मराठीत एक.
अंधारात अंडी मनगटाला लागत होती,
लागत होती म्हणजे
काही नसल्यासारखं काहीतरी.

मध्येच तो थांबला.
"इथं पोट आलंय भिंतीला."
हात फिरवून पाहिला परत.
"माझीच चूक. गिलावा करताना जेवायला गेलो असणार.
सकाळी फोडतो."
"चाला," निंबव्वा म्हणाली.

चार वाजून दहा मिनिटांनी बल्ब लागला.
सूर्य मावळायच्या सुमाराला
पाण्यात जिरं सांडल्यासारखं झालं.
मत्स्यजिरे म्हणतात वहीत, मला तेव्हा कळलं का.
किती निघाले, तेही वहीत आहे,
निम्म्याहून थोडे जास्त.

गडहिंग्लजचे आले, गोकाकचे आले,
ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या घेऊन गेले.
लगेच दुसरी खेप घातली, मग तिसरी.
रुद्राप्पा छिन्नी-हातोडा घेऊन
अधूनमधून येतो, काठावर बसतो,
त्या जागी हात घालून बघतो.
हौद रिकामा झाला की फोड, म्हटलंय त्याला.
ऑगस्ट निघाला.
रिकामा झाला नाही अजून.