अंगठा

नेरूळच्या तरणतलावात, खोल बाजूला,
बारा फुटांवर निळ्या लाद्या आहेत
आणि एका लादीला तडा.
तीन रविवार मी त्या तड्याकडे बघत
श्वास घ्यायला शिकतोय.

वय शेहेचाळीस. गाव दिवाळे.
फॉर्मवर 'पोहता येतं का' याच्यापुढे
आधी 'हो' लिहिलं,
मग खोडून 'खाडीत'.

ईव्हॉन मॅडम कमरेला पट्टा बांधतात,
त्यात शिशाच्या चार वड्या.
हे शिसं माझ्या ओळखीचं.
जाळ्याच्या खालच्या दोरीला बाबा
दातांनी चेपून बसवायचे, तसलंच.
तेव्हा जाळं बुडायचं. आम्ही वर असायचो.

मास्कमध्ये थुंकायचं, काच चोळायची, विसळायची,
मग धुकं धरत नाही.
नाक दाबून फुंकायचं, दर दोन फुटांवर,
कान दुखायच्या आधी.
दुखल्यावर उशीर झालेला असतो, मॅडम म्हणतात,
कानाबद्दलच बोलत असतात त्या.

पहिला नियम: श्वास कोंडायचा नाही. कधीच.

बुधवारी आसिफ बुरोंडकर,
सिलिंडर न लावता भाला घेऊन उतरणारा,
सांगतो, पहिला नियम:
श्वास कोंडायचा,
पण एकट्याने कधी कोंडायचा नाही.
दोघंही बरोबर.
घरी येताना मी जिन्यात थांबतो,
कुठला श्वास घेऊन वर जायचं सुचत नाही.

भाला तुर्भ्याला एमआयडीसीत करून घेतलाय.
टोकाला स्टीलचे तीन दात, मागे रबराचा फास.
वेल्डरने विचारलं, "आंबे काढायला?"
अजून पाण्यात नेलेला नाही.
आधी नुसतं बघायला शीक, आसिफ म्हणतो,
ओळखता येत नाही तो मासा मारायचा नाही.
मला हसू आलं.
दिवाळ्याच्या माणसाला मासे ओळखायला शिकवतो.
मग वाटलं, मी ओळखतो ते टोपलीतले,
बर्फावरचे, आडवे.
जिवंत जिताडा समोरून येतो
तेव्हा त्याचं तोंड कसं असतं?

पदीआत्या बाजारात निवट्यांच्या वाट्यांवर
पाणी शिंपडत म्हणाली,
"आमी जलमभर बुरू नये म्हनून नवस केलं,
न तू पैसं भरून बुरतंस?"
गिऱ्हाईक गेल्यावर, हळूच:
"न खाली काय दिसतं रं?"

काय सांगू. लाद्या, आत्या. एक तडा.
आपल्या खाडीत हात कोपरापर्यंत घातला
की बोटं हरवतात.
बाबांनी चाळीस वर्षं खाडी केली,
तिच्या पोटात डोळे एकदाही उघडले नाहीत.
डिसेंबरात मालवणला नेणार आहेत,
तिथं म्हणे स्वतःची सावली तळाला दिसते.
दिसू दे.
मला झोपेत हीच दिसते, पुलाखालची,
गढूळ चहासारखी,
आणि तिच्यात मी डोळे उघडे ठेवून.

खाली बोलता येत नाही, खुणा असतात.
सगळं ठीक, तर बोटांची कडी.
अंगठा दाखवला तर शाबासकी समजायची नाही.
अंगठा म्हणजे, मला वर जायचंय.
भूसंपादनाच्या कागदावर
आजोबांनी उमटवला होता अंगठा, निळा,
नीट, दाबून.
समोरच्या साहेबाला ही भाषा येत नव्हती.

आज तड्याशेजारी काहीतरी चमकलं.
पोटावर आडवा झालो, लाद्यांना छाती लावून,
दोन बोटांनी उचललं.
कुणा पोरीचं कानातलं,
खोटं, हिरव्या खड्याचं.
बुडबुडे माझ्याआधी वर निघाले.
मॅडमकडे पाहून मी अंगठा दाखवला.

आत्याच्या पुढ्यात ठेवलं, ओलंच.
तिने तराजूत टाकलं. काटा हलला नाही.
"मावरा बारीक हाय," म्हणाली,
हात पदराला पुसून
कानाशी धरून पाहिलं,
पितळी पारड्यात स्वतःला शोधत.

"याचा जोडीदार कंदी आनतंस?"