चाक बसलं का

तुमसरच्या रेल्वे फाटकाजवळ, राईस मिलच्या भिंतीला
पाठ लावून माझं लेथ मशीन उभं आहे.
कोंड्याची धूळ तेलात बसते,
म्हणून मी सकाळी आधी मशीन पुसतो, मग तोंड धुतो.

डुलीचंद बिसेन मंगळवारी आले.
टेम्पोत पुठ्ठ्याची चार खोकी:
मुलानं पुण्याहून पाठवलेली चाकं,
काळी, चकचकीत, विळ्यासारख्या वाकड्या काड्यांची.
"पयल्या पगाराची आहेत," म्हणाले,
आणि चिकटपट्टी नखानं हळू सोडवली,
पुठ्ठा फाटू नये म्हणून.

गाडी मला माहीत आहे. सगळ्या तालुक्याला माहीत आहे.
मँगनीजच्या खाणीतले साहेब गेले तेव्हा
बंगल्याच्या लिलावात तिच्यावर कोणी बोली लावेना.
वाईंडरवर तीस वर्षं काढलेल्या बिसेनांनी हात वर केला.
दोन माणसांची, बुटकी, विटक्या निळ्या रंगाची.
अख्खं बॉनेट पुढं झुकतं,
गाय पाण्याला वाकावी तसं.

मी चाक पालथं घातलं. काठावर पट्टी आडवी ठेवली.
पट्टीपासून हबच्या बसकीपर्यंत व्हर्नियरनं खोली घेतली,
काठापासून काठापर्यंतच्या रुंदीचं अर्ध वजा केलं.
उरले अडतीस.
यालाच ऑफसेट म्हणतात, बिसेनजी:
चाकाचा मध्य एकीकडे,
चाक जिथं धरलं जातं ती जागा दुसरीकडे.
आजच्या गाड्यांना अडतीस सोसतात.
हिला अठरा. जास्त झालं तर चाक आत शिरेल,
वळताना स्टिअरिंगचा दांडा खाईल.

"मंग बाहेर काढा नं थोडं."
वीस मिलीची चकती कापून देईन. पण भोकांचं काय?
यांचा घेर शंभरचा, हिचा सव्वापंच्याण्णवचा.
"चार इथं, चार तिथं. दिसते तं सारखंच."
दिसतं.
एक नट बसतो, दुसरा तिरका जातो,
आणि तिरका गेलेला नट गप्प राहतो
थेट गोंदिया रोडपर्यंत.

तेवढ्यात फोन. स्पीकरवर.
"बाबूजी, चाक बसलं का?"
बिसेन पालथ्या चाकावर बसले होते,
हातात माझ्याकडचा चहा.
"बसलं बापा. मस्त बसलं."
मी मशीन सुरू केलं.
कापायला काहीच नव्हतं.

धान घरात आल्यावर कोइमतूरहून दुसरी चार आली.
आठ जाड काड्यांची, ओतीव,
एका म्हाताऱ्या शर्यतवाल्यानं सांभाळलेली;
एका काडीवर वेल्डिंगचा जुना व्रण.
अठरा सांगितले होते, निघाले साडेसोळा.
दीड मिली बाहेर. फेंडरची कड आत वळवली.
पण ही जरा रुंद, आणि आतल्या बाजूला
डोळा पोचत नाही.

घरातून कणकेचा गोळा मागवला.
"याच्यासाठी मळली का म्या?" ललितानं विचारलं,
तरी दिला.
दांड्यावर थापला, चाक चढवलं,
स्टिअरिंग डावीकडे काटलं, उजवीकडे काटलं,
बिसेन कोपऱ्यावर सारं वजन टाकून गाडी दाबत राहिले.
चाक काढलं. चपट्या कणकेत सगळ्यात पातळ जागी
व्हर्नियर टेकवला. सहा.
"सहा म्हंजे?"
म्हणजे करंगळी जाणार नाही. पण हवा जाईल.
"पुरे?"
पुरे.
ग्रीस लागलं होतं, म्हणून ती कणीक गाईला दिली नाही.

संक्रांतीला मुलगा आला.
गाडीभोवती एक फेरी मारली,
व्रणावरून अंगठा फिरवला,
बापाकडे बघितलं.
बिसेन फाटकाकडे बघत होते, मालगाडीचे डबे मोजल्यासारखे.
मग त्यांनी किल्ली पुढं केली.

काळ्यांपैकी दोन त्यांच्या पोत्यांच्या हातगाडीला लागलीत,
एक कुठं गेलं ठाऊक नाही.
चौथं माझ्या दुकानात, दाराशी.
गिऱ्हाईक आलं की त्यावर बसतं.