हात न लावायची कळशी

नळाची पाळी चुकली. आज पाचवा दिवस.
साखर पेठेत, पंख्याखाली, टॉवेलच्या जुन्या चलनामागे
मी साठ मीटरचा हिशेब मांडतोय.
तळाशी वीस मिनिटं. वर यायला तासभर.

अम्मा विड्या वळते. मान वर न करता विचारते,
"जायला चार मिनिटं अन् यायला तास?
वाट वाकडी आहे का रे?"
वाट सरळ आहे. वर उजेडही दिसत असतो.
पण रक्तात विरघळलेला हेलियम घाईने निघाला
तर गोळी दाबलेली सोड्याची बाटली.

रीब्रीदर आपलाच श्वास
चुन्याच्या डब्यातून गाळून आपल्यालाच परत देतो.
बुडबुडा नाही. मासे अगदी काचेपाशी येतात.
सगळं ठीक चाललं तर बाजूच्या टाक्या नुसतं ओझं.
मल्लिनाथ फोनवर म्हणतो,
ते "ठीक चाललं तर" आधी खोड.

खोडतो. वाईट ते लिहितो:
चुना संपला, डोकं ठणकतंय, धाप.
मिनिटाला चाळीस लिटर, गुणिले सात. दोनशे ऐंशी.
मोरीजवळच्या निळ्या पिंपाकडे नजर जाते,
दोनशे लिटर,
चौघांचं चार दिवसांचं पिणं-रांधणं:
त्रेचाळीस सेकंद.

पुन्हा मांडतो.
एकवीस मीटरपर्यंत ही टाकी,
तिथून निम्म्या ऑक्सिजनची दुसरी,
सहा मीटरवर सगळ्यांत लांब थांबा,
दोर धरून, होडीचं बूड बघत.
जमतंय. पहिलीत सातशे लिटर उरतात.
"मग लहान टाकी नेतो," मी म्हणतो. फोनवर शांतता.

पाट्यामागे तांब्याची कळशी, वर पालथं फुलपात्र.
तिला हात लावला म्हणून लहानपणी मार खाल्लाय.
दर पाळीला अम्मा ती कढीपत्त्याला ओतते
आणि पुन्हा भरते.
"कधी लागली का गं ती?"
"एकदा."
बोटं थांबत नाहीत, पान, तंबाखू, दोरा.
"आपल्याला नाही. समोरच्या इरम्माला, रात्री.
तुझ्या मल्लिनाथला कमी पडलं, तर त्याचं कुठे धरलंयस?"

चलन पालथं करतो.
तिकडे टॉवेलचे डझन, रंग, राहिलेली बाकी.
कोरी जागा नाही.
"अम्मा, कागद आहे का?"