बेचाळीस अंगठे

कालव्याच्या काठी, जुन्या कापडगिरणीच्या तळमजल्यावर
आमचा चॉकलेटचा कारखाना. कारखाना कसला,
दोन दगडी जाती, एक भट्टी, डोरीन ॲक्रॉइड आणि मी.
टॉडमॉर्डनमध्ये फेब्रुवारीत दिवेलागण लवकर होते,
आणि भाजक्या कोकोचा वास
मासळीच्या दुकानापर्यंत जाऊन परत येतो.

माझं काम हिशेबाचं. पण पोतं उघडताना मला बोलावतात.
पन्नास बिया मोजायच्या, पात्याखाली उभ्या चिरायच्या:
आतून तपकिरी, भेगाळलेली निघाली तर नीट आंबली,
जांभळी म्हणजे कुणीतरी घाई केली,
पाटीसारखी करडी निघाली, तर आंबलीच नाही.
बी खोटं बोलत नाही, डोरीन म्हणते.
कागदाबद्दल ती काही म्हणत नाही.

कागद केनेमाहून येतात.
बेचाळीस नावं, बेचाळीस वजनं,
बाजारभावाच्या वर किलोमागे दिलेले जादा पैसे,
आणि त्यापुढे बेचाळीस अंगठे.

मी सतराव्या ओळीवर थांबले.
अंगठ्याच्या मधोमध तिरपा व्रण,
तांदळाच्या दाण्याएवढा.
अठराव्यालाही. एकोणिसाव्यालाही.
ब्रिमाला तोच व्रण, जट्टूला तोच,
विधवा म्हणून नोंदलेल्या तेवालाही तोच.

दुसऱ्या कुणाला दिसला नसता.
पण माझे वडील इचलकरंजीत सूतगिरणीचे मस्टर कारकून,
पगाराच्या दिवशी जेवायला बसले
की डावा हात मांडीखाली.
अंगठ्यावर निळी शाई.
आई साबण पुढे सरकवायची, बोलायची नाही.
त्या शाईतून माझी कॉलेजची फी गेली का,
मी कधी विचारलं नाही.
आता विचारायला ते नाहीत.

ईस्टर सहा आठवड्यांवर.
"परत पाठवू?" डोरीन म्हणाली, आणि पोत्यावरच बसली.
परत पाठवली, तर ज्यांचे अंगठे कागदावर नाहीत
त्यांच्याच बिया परत जाणार.
ठेवून घेतली, तर त्या एका अंगठ्याचं फावणार.
मी फोन लावला.

बाइंदू कामारा, सोसायटीची कारकून.
तिने नाकारलं नाही.
"पैसे वाटलेत. वाटले तेव्हा तुमचा नवा फॉर्म आला नव्हता.
आला तेव्हा चार दिवस उरले होते.
गावं नऊ, मोटारसायकल एक, तीही भाड्याची."
मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात:
"शेतकऱ्याचं लिहिलंत, बोटीचं लिहिलंत, विम्याचं लिहिलंत.
हे कागद जी भरते
तिचं कुठल्या रकान्यात आहे?"

खरं असेल. खोटंही असेल.
उंटावरून शेळ्या हाकताना
शेळी लंगडते की नाचते,
एवढ्या उंचीवरून सारखंच दिसतं.

मी वहीत एक रकाना आखला.
वर लिहिलं, कारकून.
वडी वीस पेन्सने महाग झाली; डोरीनने तोंड वाकडं केलं
आणि सही केली.
मेमध्ये मी जाणार आहे. नऊ गावं, तीच मोटारसायकल.
तेवाला तिचा अंगठा दाखव म्हणायचं
कसं, ते अजून सुचलेलं नाही.

मग छपाईवाल्याला फोन:
वेष्टनाच्या मागे एक ओळ आहे,
"प्रत्येक बी कुणाची, आम्हाला ठाऊक आहे."
ती काढा.
तिथे काय टाकू?
काही नको. कोरं ठेवा.

पहिलं अंडं घेणाऱ्या म्हातारबुवांनी
वेष्टन उलटसुलट करून पाहिलं.
"इथं काही छापायचं राहिलं का?"
मी नाही म्हणाले.
मग, सुटे पैसे मोजताना,
हो म्हणाले.