तारण

म्हापशाच्या शाखेत, कर्जाच्या खिडकीशी
सोलांज आरोक्यम
तिसऱ्यांदा.
मूळची कारैकालची. पाव भाजते, हिशेब फ्रेंचमध्ये.
आकडे तेच आपले,
सात तेवढा कमरेत कापलेला.

'तारण काय?'
एक भट्टी, भाड्याच्या जागेत.
आणि मंडळाची वही: अकरा घरं,
रविवारी मुलांना आजीची भाषा शिकवणारी.
वहीला बाजारभाव नाही.

भाषेच्या रकान्यात तिची भाषा नाही.
'इतर'वर खूण.
मी घरी मराठी, खिडकीवर कोंकणी, शेऱ्यात इंग्रजी;
'इतर' किती अरुंद, ठाऊक आहे.

जामीन म्हणून मागे उभा
शेजारचा पोदेर, कायतान.
त्याचंच गिऱ्हाईक ती फोडणार.
'थंड भट्टी बघवत नाही,' म्हणतो,
पिठाळ बोटांनी सही करतो.

शेरा लिहिताना
माझाही सात
कापला गेला.