बाविसावा पेला

सुनिदच्या माळावर तार ओढली, तेव्हा मी सातवीत होते.
आबा मेंढ्या मोजतात तसे सिमेंटचे खांब मोजत गेले,
शेवटच्या खांबाशी थांबले,
आणि आकडा कुणालाच सांगितला नाही.

आता त्याच तारेवर माझा पगार आहे.
डॉक्टर चियाओ होहोतहून महिन्यातून एकदा येतात.
त्यांच्यासाठी मी प्लास्टिकचे पेले पुरते,
काठ मातीच्या पातळीत, बोटाने सारवून,
तळाला दोन बोटं मिठाचं पाणी.
एक ते वीस बाहेर. एकवीस ते चाळीस आत.
तीन रात्री. मग गाळणी, चिमटा, वही.

बाहेर सापडतात काळे भुंगे,
पाठ तव्यासारखी,
तापल्या उघड्या मातीवर पाय उचलून उचलून चालणारे.
आत गवत माझ्या गुडघ्याला लागतं.
त्याखाली गेल्या सालचं, त्याखाली त्याच्या मागच्या सालचं.
कुजायलासुद्धा पाऊस लागतो,
म्हणून ते नुसतंच निजलेलं.
आणि त्यात कोळी! जाळं न विणणारे, धावून धरणारे,
एकीच्या पाठीवर तर पिल्लांची अख्खी शाळा.

पहिली काही वर्षं आकडे चढत गेले.
डॉक्टर खूश. आम्हाला सफरचंदांची पेटी.
मग वहीत एका नावापुढे
शून्य, शून्य, शून्य:
शेणाखाली घर करणारा तो बुटका, तपकिरी.
आत शेणच नाही, तर तो येणार कशाला.

आबांना सांगितलं, तेव्हा ते खोगिराचा पट्टा शिवत होते.
म्हणाले, मेंढरू खातं, तुडवतं, हगतं.
तुझ्या वहीत त्यातलं एकच लिहिलंय.

कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात लोक.
हे कुंपण काहीच खात नाही.
दुसऱ्याला खाऊ देत नाही, एवढंच,
आणि न खाल्लेलं तसंच पडून राहतं
हिवाळ्यामागून हिवाळा.
तरी खोटं कशाला बोलू,
तार आली नसती तर इथे नुसती वाळू उडाली असती,
हे आबांनाही ठाऊक आहे. म्हणून तर ते गप्प.

या भाद्रपदात म्हणा, त्यांच्या आठव्या महिन्यात म्हणा,
बाविसाव्या पेल्यात तो निघाला.
बुटका. तपकिरी. एकच.
डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं.
वाऱ्यानं आला असेल?
वाऱ्यानंच, म्हणाले मी.

पेल्यापासून हातभर अंतरावर
ओल्या लेंड्यांचा ढीग होता, बुटाच्या टाचेनं सारखा केलेला,
आणि खालच्या तारेला निळ्या कापडाचा धागा.
आबांच्या कमरपट्ट्याचा.
मी तो काढून खिशात घातला.
वहीत एक लिहिलं. शेरा रिकामा ठेवला.

रात्री चहात मीठ टाकताना
आबांनी माझ्याकडे न बघता विचारलं,
आला का?
आला.
चालत होता?

चहा उकळत होता.
मिठाचा डबा माझ्या हातात होता.